ट्रेलरच्या पाठीमागील दिवे : एक दुर्लक्षित कर्तव्य

या मासिकांत बीं-बियाणें, खतें, पीकसंरक्षण, कर्ज आणि बाजारभाव या विषयांवर अधिकारी लेखकांचे लेख नेहमीं येत असतात आणि ते मी आवडीनें वाचीत असतों. आज जो विषय वाचक बंधूंपुढें मांडावयाचा आहे, तो शेताच्या बांधाआंतला नसून रस्त्यावरचा आहे. आपला माल ज्या ट्रेलरमधून बाजारास जातो, त्या ट्रेलरच्या पाठीमागील दिव्यांचा तो विषय होय. कित्येकांस तो क्षुद्र वाटेल; परंतु ज्याच्या घरांतील माणूस त्यापायीं गेला, त्यास तो क्षुद्र वाटत नाहीं. मी यंत्रशास्त्र जाणणारा नव्हे. मराठी शाळेंतील शिक्षण संपवून महसूल खात्यांत कारकुनी केली आणि आतां निवृत्त होऊन बोरीवली तालुक्यांत वडिलोपार्जित थोड्या जमिनीच्या आधारानें राहतों. जें स्वतः पाहिलें आणि जें एका जाणत्या मिस्त्रीकडून शिकलों, तेवढेंच येथें लिहीत आहें.

आमचा हा मुलूख एके काळीं ठाणें जिल्ह्यांतील साष्टी तालुका होता. अंधेरी व घाटकोपर हीं गांवें १९५० सालीं आणि बोरीवली व मुलुंड हीं १९५७ सालीं बृहन्मुंबईच्या हद्दींत आलीं. तत्पूर्वीं भात, गवत आणि भाजी यांच्या बैलगाड्या आग्रा रस्त्यानें व घोडबंदरच्या रस्त्यानें रात्रभर चालत आणि प्रत्येक गाडीच्या कण्याखालीं एक कंदील लोंबत असे, असें वडील सांगत. तेवढा कंदील त्या काळीं पुरे होता. कारण पुढची गाडी तासास एक-दीड कोस चालणारी आणि मागचीही तितकीच. कंदील दिसण्यापूर्वींच बैलांच्या गळ्यांतील घुंगरूं ऐकूं येत.

आज तोच आग्रा रस्ता लालबहादूर शास्त्री मार्ग या नांवानें मुलुंड-घाटकोपरमधून जातो. त्याच्या पूर्वेस पूर्व द्रुतगती महामार्ग आहे व आमच्या बाजूस पश्चिम द्रुतगती महामार्ग आहे. उपनगरांत शेती म्हणावी अशी गोराई-मनोरीसारख्या खाडीपलीकडील गांवांतच थोडीफार उरली आहे. तथापि वसई, वाडा, भिवंडी येथील बंधूंचा पेंढा, गवत व भाजीपाला याच दिशेनें येतो. ताशीं ६० किलोमीटर वेगानें येणारी गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर अंतर तोडते. पुढें धोका आहे हें मनांत येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो आणि तेवढ्यांत ती गाडी २५ मीटर पुढें आलेली असते. आपला भरलेला ट्रेलर मात्र ताशीं पंधरा-वीस किलोमीटरनें चाललेला असतो. म्हणजे मागच्या माणसाच्या दृष्टीनें आपण रस्त्यांत जवळजवळ उभेच असतों.

नोकरींत असतांना शेतकऱ्यांच्या अपघाती मृत्यूचीं प्रकरणें माझ्या मेजावरून जात. गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाची शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून चालू असून तींत मृताच्या वारसांस २ लाख रुपये देण्याची तरतूद आहे. तिच्यापूर्वींही याच नांवाची विमा योजना होती. अशा प्रकरणांत सात-बाराचा उतारा, सहा-कची वारस नोंद, पोलिसांकडील प्रथम खबर आणि पंचनामा असे कागद लावावे लागतात. ‘ट्रेलरच्या मागील बाजूस दिवा आढळून आला नाहीं,’ हें एकच वाक्य निरनिराळ्या हस्ताक्षरांत मीं वारंवार वाचलें आहे. कधीं मेलेला मोटारसायकलवाला म्हणजे शेजारच्या गांवच्या शेतकऱ्याचाच मुलगा असे. रकमेचा आकडा मी न चुकतां लिहीत असें. पण वारसांच्या नांवांपुढें त्यांचें वय लिहितांना लेखणी अडखळे.

कागदावरचें दुःख तरी परक्याचें असतें. माझ्या मावसभावाचा प्रसंग घरचा आहे. कार्तिकांतील एका संध्याकाळीं पेंढ्यानें भरलेला ट्रेलर घेऊन तो रस्त्यावरून उजवीकडे आपल्या शेताच्या वाटेस वळत होता. त्यानें ट्रॅक्टरचा उजवा इंडिकेटर लावलेला होता. परंतु ट्रेलरकडे जाणारी तार दोन वर्षांपूर्वीं तुटली होती ती तशीच होती. आणि ट्रॅक्टरचे स्वतःचे दिवे बाहेर लोंबणाऱ्या पेंढ्यानें पूर्ण झांकलेले होते. मागून एक तरुण मोटारसायकलवरून आला. पुढची गाडी हळू चालली आहे एवढेंच त्यास दिसलें. म्हणून तो उजवीकडून पुढें काढूं लागला आणि वळणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकावर आदळला. जीव वांचला, पण पाय दोन ठिकाणीं मोडला. तो इमारतींस रंग देण्याचें काम करी. परांचीवर चढणें त्याचें कायमचें सुटलें. दोष कोणाचा हें ठरावयाचें तें ठरलें, द्यावयाचे पैसे दिले गेले. ‘मी तर इंडिकेटर लावला होता, दादा,’ असें भाऊ आजही म्हणतो. तें अक्षरशः खरें आहे. पण लावलेला दिवा ज्याच्यासाठीं लावावयाचा, त्याला तो दिसला नाहीं, तर लावला म्हणण्यांत अर्थ काय?

या गोष्टीची दुसरी बाजू मला पुतण्याच्या घरीं दिसली. राज्य शासनानें २०२० सालीं कृषिपर्यटनाचें आणि २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. तें वाचून त्यानें जीपच्या मागें जोडावयाची एक लहान कॅम्पर, म्हणजे चाकांवरील निजण्याची खोली, जुनी विकत घेतली. पाहुणे येतात, खाडीकांठीं दोन रात्री राहतात, परत जातात. त्या गाडीस कारखान्याचे दोनच दिवे होते व तेही अगदीं खालीं, चाकांच्या उंचीवर. पाहुण्यांच्या सायकली पाठीमागें टांगल्या कीं ते दिसेनासे होत. पुतण्यानें मिस्त्री बोलावून छपराच्या दोन कोपऱ्यांवर ब्रेक आणि इंडिकेटरचे आणखी दोन दिवे बसविले आणि मध्यभागीं ब्रेकचा तिसरा दिवा लावला. खर्च एका नव्या टायरच्या किमतीहून पुष्कळच कमी आला. तें काम चालू असतां मनांत आलें कीं, मौजेनें येणाऱ्या पाहुण्यांच्या गाडीस पांच दिवे आणि ज्यावर आपलें घर चालतें त्या पेंढ्याच्या गाडीस एकही नाहीं, हा कोणता न्याय?

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ यांप्रमाणें रात्रीं रस्त्यावरील वाहनाच्या मागील बाजूस स्वच्छ हवेंत १५५ मीटरांवरून दिसेल असा लाल प्रकाश असावा लागतो आणि नोंदणीचा क्रमांक १५ मीटरांवरून वाचतां येईल असा पांढरा प्रकाश त्या पाटीवर पडावा लागतो. इंडिकेटर पिवळसर नारिंगी रंगाचा व मिनिटास ६० हून कमी नाहीं आणि १२० हून अधिक नाहीं इतक्या वेळां लुकलुकणारा असावा. ही किमान मर्यादा आहे. किमान म्हणजे पुरेसें, असा अर्थ आपण काढतों तो चुकीचा आहे. सारा भरला म्हणजे पीक आलें असें कोणी म्हणत नाहीं.

अधिक दिवे लावणें म्हणजे वाहनांत फेरफार करणें असें होईल काय, अशी शंका कांहीं बंधूंनीं मजजवळ काढली. ती योग्य आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें नोंदणीपत्रांतील वर्णनाशीं विसंगत होईल असा बदल करतां येत नाहीं. म्हणून ट्रेलरची लांबी, रुंदी, सांगाडा यांस हात लावूं नये आणि दिव्यांच्या रंगाचा नियम मोडूं नये. मागें लाल, इंडिकेटरला नारिंगी, एवढेच रंग ठेवावे. निळे, हिरवे किंवा सणाच्या रोषणाईसारखे लुकलुकणारे दिवे लावणें बेकायदा तर आहेच, शिवाय मागच्यास फसविणारेंही आहे. लाल दिवा पुढच्या बाजूस कधींही लावूं नये. शंका उरल्यास परिवहन कार्यालयांत विचारून घ्यावें. विचारण्यास पैसे पडत नाहींत.

मूळचे दोन दिवे असतांना अधिक कशाला, असें विचारलें जाईल. कारणें तीन आहेत. पहिलें, मूळचे दिवे खालीं असल्यामुळें चिखल, शेण व धूळ यांनीं माखतात आणि लोंबणाऱ्या पेंढ्याआड जातात. दुसरें, एका बाजूस एकच बल्ब असतो. तो गेला कीं ती बाजू आंधळी होते व मागच्यास आपला ट्रेलर म्हणजे एखादी मोटारसायकल वाटते. तिसरें, उंचावरील दिवा मधल्या एका गाडीच्या पलीकडूनही दिसतो. ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरांत १९७४ सालीं जॉन व्होएवोड्स्की नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें कांहीं टॅक्सींस मागें मध्यभागीं ब्रेकचा एक जादा दिवा बसवून पाहिला. त्या टॅक्सींवर मागून आदळण्याचें प्रमाण बिनदिव्यांच्या टॅक्सींच्या मानानें निम्म्याहून खालीं आलें. पुढें १९८६ च्या बनावटीपासून तेथील मोटारींस असा तिसरा दिवा सक्तीचा झाला. सर्वांसच तो दिवा आल्यावर त्याची नवलाई ओसरली आणि १९९८ सालच्या सरकारी पाहणींत मागून होणारे अपघात ४.३ टक्क्यांनींच कमी झालेले आढळले. हा आकडा लहान आहे, हें मी लपवीत नाहीं. परंतु तो चांगले दिवे आधींच असलेल्या मोटारींचा आहे. ज्या ट्रेलरचे मूळचे दिवेच दिसत नाहींत, त्यास उंचावरचा दिवा किती अधिक उपयोगी पडेल, हें सांगावयास पाहणीची गरज नाहीं.

आतां प्रत्यक्ष काम कसें करावें तें मिस्त्रीच्या शिकवणुकीप्रमाणें सांगतों.

प्रथम ट्रॅक्टरचें दुरुस्त करावें, मग ट्रेलरचें. ट्रेलरचा दिवा ट्रॅक्टरच्या स्विचचा आज्ञाधारक असतो. ट्रॅक्टरास डाव्या व उजव्या चाकाच्या ब्रेकचे वेगळे दोन पाय असतात आणि कांहींवर ब्रेकदिव्याचा स्विच एकाच पायाशीं जोडलेला असतो. रस्त्यावर निघण्यापूर्वीं दोन्ही पाय कडीनें एकत्र अडकवावे. म्हणजे गाडी एका बाजूस ओढली जाणार नाहीं आणि दिवाही नेमका लागेल.

दुसरें, ट्रॅक्टर आणि ट्रेलर यांमधील जोडणी सात पिनांच्या सॉकेटनें करावी. त्यांत डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, ब्रेक, दोन्ही बाजूंचे मागील दिवे आणि परतीची म्हणजे ‘अर्थ’ची तार यांस स्वतंत्र जागा असते. तारांच्या रंगावर विश्वास ठेवूं नये. पूर्वींच्या मिस्त्रीनें मिळेल त्या रंगाची तार घातलेली असते. पिनेवरील आंकडा पाहून व बल्ब लावून खात्री करावी. उघड्या तारा पिळून त्यांवर पट्टी गुंडाळण्याची आपली रीत पहिल्या पावसांतच फसते.

तिसरें आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे ‘अर्थ’. कित्येक जण ही तार न घालतां ट्रेलरच्या लोखंडावर व जोडखिळीवर भिस्त ठेवतात. जोडखिळीस गंज व ग्रीस असतें आणि ती हालत असते. मग एक दिवा लावला कीं दुसराच मंद पेटतो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणूं लागला तर दोष ‘अर्थ’चा आहे असें पक्कें समजावें.

चौथें, तारेची जाडी. ब्रेकचा साधा बल्ब २१ वॉटचा असतो व १२ व्होल्टांवर सुमारें पावणेदोन अँपिअर वीज घेतो. दोनांचे साडेतीन झाले. आणखी दोन लावले तर सात. तार बारीक व लांब असेल तर वाटेंतच दाब खर्च होतो. १२ पैकीं २ व्होल्ट वाटेंत गेले तर अशा बल्बचा प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो. शेवटच्या शेतास पाणी कां पोंचत नाहीं हें ज्यास कळतें, त्यास हें निराळें सांगावयास नको. म्हणून दीड चौरस मिलिमीटरहून बारीक तांब्याची तार घेऊं नये आणि जुन्या स्विचवर सारा भार न घालतां मध्यें रिले व फ्यूज बसवावा.

पांचवें, जादा दिवे शक्यतों एलईडी घ्यावे. ते फार थोडी वीज घेतात, हादऱ्यांनीं लवकर जात नाहींत आणि साध्या बल्बपेक्षां सुमारें एक-पंचमांश सेकंद आधीं पेटतात. ताशीं ६० किलोमीटरच्या वेगांत तेवढ्यानें मागच्यास तीन मीटरांहून अधिक अंतर मिळतें. मात्र जुना फ्लॅशर बल्बच्या भारावर चालत असल्यामुळें भार कमी होतांच इंडिकेटर भलताच जलद लुकलुकतो किंवा मुळींच लुकलुकत नाहीं. म्हणून भारावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बरोबरच बदलावा.

सहावें, जादा दिवे खालीं पडणाऱ्या फाळक्यावर बसवूं नयेत. फाळका उघडला कीं ते जमिनीकडे तोंड करतात आणि आपटून फुटतात. पेंढा-गवत वाहणाऱ्यांनीं एक लांकडी फळी घेऊन तिच्या दोन टोंकांस दोन जोडदिवे व मध्यें ब्रेकचा एक दिवा बसवावा आणि ती भाऱ्याच्या मागील दोरास घट्ट बांधून तिची तार सॉकेटांत लावावी. काम झालें कीं फळी सोडून घरांत ठेवावी. चोरीची भीति सांगणाऱ्यांस हेंच उत्तर आहे. दोन ट्रेलर असतील तर एकच फळी दोहोंस चालते.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगणें अवश्य आहे. दिवे हे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जगतात. ट्रेलर सोडून रस्त्याच्या कडेस उभा केला कीं तो आंधळाच असतो. म्हणून मागील बाजूस लाल रिफ्लेक्टर व परावर्तक पट्टी ही असलीच पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रांत गळिताच्या हंगामांत उसाच्या ट्रॉल्यांस पोलीस व साखर कारखाने रिफ्लेक्टर लावतात तें याचसाठीं. तरीही रिफ्लेक्टर म्हणजे दिव्याची बदली नव्हे. तो गाडी आहे एवढेंच सांगतो, ती थांबत आहे कीं वळत आहे हें सांगत नाहीं. आणि रस्त्यावरच ट्रेलर उभा करून ठेवण्याचें पाप तर कोणत्याही दिव्यानें धुऊन निघत नाहीं.

‘आम्ही रात्रीं निघतच नाहीं,’ असें पुष्कळ बंधू म्हणतात. माझ्या मावसभावाचा अपघात रात्रीं झाला नाहीं, दिवेलागणीस झाला. शिवाय ब्रेक व इंडिकेटर यांचें काम दिवसाही असतेंच. ‘मागच्यानें जपून चालवावें,’ असेंही म्हटलें जातें. तें बरोबर आहे. पण मागच्याची चूक मागच्यापाशीं. आपल्या हातीं जें आहे तें आपण न करणें ही चूक आपली. बांध शेजाऱ्यानें फोडला म्हणून आपण आपला बांध दुरुस्त करीत नाहीं असें होत नाहीं.

यास्तव आपल्या संस्थेस माझी नम्र सूचना आहे कीं, दरवर्षीं दसऱ्यापूर्वीं एक दिवस ट्रेलर-तपासणीचा ठरवावा. दसऱ्यानंतरच भाताची कापणी व पेंढ्याची वाहतूक सुरू होते. तेव्हां वेळ योग्य आहे. संस्थेनें एक जाणता मिस्त्री त्या दिवसापुरता बोलवावा, तार, सॉकेट, फ्लॅशर व पट्टी हें सामान घाऊक आणून सभासदांस पडत्या भावानें द्यावें आणि दिव्यांची एक नमुना-फळी कार्यालयांत टांगून ठेवावी. तपासणी अगदीं सोपी आहे. एकानें ट्रॅक्टरवर बसावें, दुसऱ्यानें ट्रेलर भरलेला असतां मागें पन्नास पावलें जाऊन उभें राहावें. वरच्यानें ब्रेक, डावा, उजवा असें क्रमानें करावें आणि खालच्यानें जें दिसेल तें ओरडून सांगावें. रिकाम्या ट्रेलरवर केलेली परीक्षा खरी नव्हे.

खंडेनवमीस आपण ट्रॅक्टर धुतों, त्यास कुंकू लावतों, झेंडूची माळ घालतों. ती पूजा अवश्य करावी. मात्र माळ घालण्यापूर्वीं एकदां मागें जाऊन दिवे पाहावे. मावसभावानें गेल्या वर्षापासून तो नेम धरला आहे. फळी बांधून झाली कीं तो स्वतः ट्रॅक्टरवर बसतो आणि मुलाला मागें उभा करून विचारतो, ‘दिसतो का रे?’ मुलगा ‘दिसतो’ म्हणाल्यावांचून तो गाडी पुढें काढीत नाहीं.